गावचा इतिहास कोणी लिहावा?

श्रोतेहो, इतिहासासारख्या विषयावर बोलण्यास आम्ही उभे राहावे, याचे काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण हमालांच्या बैठकांत आणि मालधक्क्यावर झाले. पण युनियनच्या कामाने एक गोष्ट आम्हांस पक्की शिकविली. हजेरीचा कागद नसेल, तर मजुराची वीस वर्षांची मेहनत मेहनतच ठरत नाही. गावाचेही तसेच आहे.

महाराष्ट्रात हे कागद कोणी जमविले? इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे त्यांनी उतरविली आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड सिद्ध केले. समर्थ रामदासांचा जन्म आपल्या जवळच्या जांबेचा. त्यांच्या संप्रदायाची बाडे मात्र मठामठांतून विखुरलेली होती. ती धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी मिळविली. परांडा भागातील डोमगावच्या मठात कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत होती. तिच्यावरून देवांनी 1905 साली दासबोध छापला. अशी कामे पगारासाठी होत नसतात.

आपल्या मराठवाड्याचे खरे उदाहरण तेरचे आहे. गोरोबाकाकांचे तेर म्हणजेच ग्रीक खलाशांच्या वृत्तांतातील तगर, ही जुनी बाजारपेठ. तेथील रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांतून निघणारे मणी, नाणी, शंखाचे अलंकार आणि भाजक्या मातीच्या मूर्ती वर्षानुवर्षे जमविल्या. त्यांत एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याच घडणीची मूर्ती 1938 साली इटलीतील पाँपेईच्या अवशेषांत सापडली होती, आणि त्याच जातीची एक आपल्या जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननातही निघाली. ज्या वस्तू गावच्या पोरांनी खेळून फेकून दिल्या असत्या, त्यांच्यामुळे आज तेरात लामतुऱ्यांच्या नावाचे संग्रहालय उभे आहे.

यावर कोणी म्हणेल, आमच्याकडे ना दप्तर, ना पांढर. आम्ही काय जमवावे? याचे उत्तर उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी दिले आहे. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना त्या घरोघर जाऊन भेटल्या, त्यांच्या तोंडून हकिकती ऐकल्या आणि 1989 साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक दिले. इंग्लंडातही ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात कामगार विद्यार्थ्यांनी 1960 नंतरच्या दशकात आपापल्या धंद्याचा आणि गावाचा इतिहास लिहावयास घेतला. ज्यांचा कागद कोणी ठेवला नाही, त्यांची आठवण हाच त्यांचा कागद होय.

आता परतूरकडे वळू. 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्या काळचा सरकारी व्यवहार उर्दूत, घरचे जुने कागद मोडीत; नातवाला दोन्ही लिप्या येत नाहीत, म्हणून पेटी रद्दीत जाते. पुढे आपण परभणी जिल्ह्यात राहिलो आणि 1 मे 1981 रोजी जालन्यात आलो. म्हणजे आपली दप्तरेही दोन जिल्ह्यांत विभागलेली. शिवाय निम्न दुधना प्रकल्पाच्या पाण्याखाली तालुक्यातील काही गावे गेली. त्यांच्या वेशी, पार, आडांची नावे आता केवळ म्हाताऱ्यांच्या जिभेवर आहेत.

येथे आमचाच दोष सांगितला पाहिजे. स्टेशनवरचा एक वृद्ध हमाल आम्हांस मीटरगेजच्या दिवसांतील गोष्टी सांगे: टोळीत कोण कोण होते, कापसाच्या गाठीला काय मजुरी मिळे, पहिला संप कशावरून झाला. आम्ही म्हणत असू, “काका, सवडीने लिहून घेऊ.” सवड झाली तेव्हा काका नव्हते. दुसऱ्यांचे हजेरीचे कागद जपणारे आम्ही, एका माणसाची उभी हयात नोंदवू शकलो नाही.

म्हणून मागणे थोडे आहे. या व्याख्यानमालेस येणाऱ्या प्रत्येकाने एक वही करावी. घरातील सर्वांत वडील माणसापाशी बसावे. सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख टाकून तो बोलेल तसे लिहावे. ऐकीव आणि डोळ्यांदेखतचे वेगळे ठेवावे. उर्दू-मोडीचे कागद फेकू नयेत. वाचणारा मिळेपर्यंत कोरड्या जागी ठेवावेत. पुढील वसंतात आपण येथे पुन्हा जमू, तेव्हा व्याख्याता एक आणि वह्या शंभर असाव्यात, एवढीच आमची इच्छा आहे.