पाच, पाच, चार : घरातल्या रॅकची कुळकथा

पाच सूत, पाच सूत, चार सूत. पुन्हा पाच, पाच, चार. लोखंडी पट्टीवर या मापानं भोकं आखत गेलं की सर्व्हरचा रॅक तयार होतो. तिन्हींची बेरीज चौदा सूत, म्हणजे पावणेदोन इंच, आणि या उंचीला रॅकच्या धंद्यात ‘एक यू’ म्हणतात. नेटवर्कचा स्विच असो, सर्व्हर असो की यूपीएस, रॅकमध्ये बसणारी प्रत्येक वस्तू एक यू, दोन यू, चार यू अशा पटीतच उंच असते.

कॅटलॉगमध्ये हेच आकडे १५.८७५, १५.८७५ आणि १२.७ मिलिमीटर असे छापलेले असतात. ते वाचताना वाटतं, कुणीतरी मुद्दाम छळायला काढलेत. पण सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला जुना फॅब्रिकेटर अजून त्याच मापात विचार करतो. बांधकामावर दहा मिलिमीटरच्या सळीला तीन सुती आणि बाराच्या सळीला चार सुती म्हणतात, तेच हे सूत. या फॅब्रिकेटरच्या मापपट्टीवर रॅकचं अख्खं प्रमाण बिनदशांश उतरतं. पॅनलची रुंदी एकोणीस इंच. दोन खांबांमधली मोकळी जागा सतरा इंच सहा सूत. डाव्या भोकाच्या मध्यापासून उजव्या भोकाच्या मध्यापर्यंत अठरा इंच अडीच सूत. पॅनलची स्वतःची उंची मात्र चौदा सुतांपेक्षा पाव सूत कमी, म्हणजे एकावर एक चढवताना पॅनलं एकमेकांना घासत नाहीत.

भोकं समान अंतरावर का नाहीत, हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो. यूच्या खालच्या कडेपासून दोन सूत वर पहिलं भोक, मग पाच सुतांवर दुसरं, आणखी पाचावर तिसरं; वरच्या कडेपर्यंत उरले दोन. हे दोन आणि शेजारच्या यूचे दोन मिळून चार. म्हणजे जिथं दोन भोकं सर्वांत जवळ दिसतात, तिथं यूची सीमा असते. ही खूण ज्याला कळली नाही तो स्विच एक भोक वर चढवतो आणि त्याच्यावरचं यंत्र मग काही केल्या बसत नाही.

हे माप संगणकवाल्यांनी काढलेलं नाही. त्याचं कूळ टेलिफोनचं. अमेरिकेत २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को फोन सुरू झाला तो व्हॅक्यूम ट्यूबच्या जोरावर. तारेवरून जाताना आवाज क्षीण होतो; वाटेत ठिकठिकाणी त्याला पुन्हा जोर देणारी यंत्रं, म्हणजे रिपीटर, बसवावी लागली. सुरुवातीला ही यंत्रं मोजकीच होती. पुढे लांब पल्ल्याच्या केबल आल्या, एका केबलमध्ये कितीतरी जोड्या, आणि एकेका ठाण्यात रिपीटरांची दाटी झाली. ट्यूब तापते, जळते, बदलावी लागते. माणसाला पुढून हात घालता आला पाहिजे आणि मागून तारा जोडता आल्या पाहिजेत. बंद कपाट तिथं कामाचं नव्हतं.

एटी अँड टी कंपनीनं साधारण १९२२ च्या सुमारास यावर तोड काढली. लोखंडी चॅनलचे दोन उभे खांब, त्यांना ठरावीक अंतरावर भोकं, आणि प्रत्येक यंत्र एकोणीस इंची पॅनलवर बसवून स्क्रूनं त्या खांबांना जखडायचं. यंत्रं एकावर एक उभी रचली गेली. माझ्या मते यातली खरी हुशारी खांबांत नसून भोकांत आहे. एकदा भोकं ठरली की यंत्र बनवणारा आणि खांब बनवणारा यांनी एकमेकांना भेटायची गरज उरली नाही.

पुढचा प्रवास पटापट झाला. रेडिओ स्टेशनं, प्रयोगशाळा, ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ यांनी तीच चौकट उचलली. १९६५ सालचा पीडीपी-८ हा छोटा संगणक रॅकमध्ये बसवता येई. त्याच दशकात अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेनं ईआयए-३१० या नावानं हे माप लिखित प्रमाण केलं. १९९२ च्या सुधारणेतही पाच-पाच-चार कायम राहिलं. आंतरराष्ट्रीय मानकात पंचवीस मिलिमीटरच्या पायरीवरची मेट्रिक चौकटही सुचवली गेली. ती कागदावर सुबक आहे. बाजारानं तिला फारशी दाद दिली नाही.

यात कोल्हापूरकराला नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालचा, तरी दर पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी फूट-इंचांतच सांगितली जाते. एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका. मीटरमध्ये सांगितली तर कुणी सामान उचलायला लागेल असं मला वाटत नाही.

टेलिफोनची यंत्रं एसी खोलीतून बाहेर काढायचं काम आपल्या शेजारी झालं. कोल्हापूरहून बंगळूरच्या रस्त्यानं बेळगाव ओलांडलं की कित्तूर लागतं. तिथं १९८६ साली सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचं १२८ लाइनचं पहिलं ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज बसलं. तोवर इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज म्हटलं की वातानुकूलित इमारत आलीच. हे एक्स्चेंज धूळ आणि उकाडा सोसत साध्या खोलीत चालेल असं आखलं होतं. घरात रॅक लावणाऱ्यापुढचा प्रश्न आजही तोच आहे : एसी नसलेल्या खोलीत ही यंत्रं थंड कशी ठेवायची?

कोल्हापूरच्या सामान्य माणसानं रॅक पाहिला तो मात्र एक्स्चेंजमध्ये नाही. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीमागे ट्रॉलीवर जे ॲम्प्लिफायर एकावर एक रचलेले असतात, ते याच एकोणीस इंची पॅनलचे. डॉल्बीवर माझं प्रेम नाही, पण तिच्या पाठीमागची ती चौकट टेलिफोनवाल्यांच्या खांबांचीच वंशज. घरात रॅक शिरला तो बहुधा सीसीटीव्ही बसवणाऱ्याबरोबर : डीव्हीआर, एक छोटा स्विच, भिंतीवर चार यूची काळी पेटी. मग फायबर आलं, राउटर आला, फोटो साठवायला एखादा छोटा सर्व्हर आला, आणि पेटी अपुरी पडली.

इथून उद्यमनगराचा संबंध येतो. कोल्हापूरच्या कारागिराबद्दल बोलताना बाबूराव पेंटरांचा कॅमेरा काढल्याशिवाय कुणाला राहवत नाही, मलाही. त्यांनी या गावात स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आणला. पण कॅमेरा एकच असतो, तो स्वतःशी जुळला की भागतं. रॅकला अनोळखी कारखान्यातून आलेल्या यंत्राशी जुळावं लागतं. ते वळण उद्यमनगराला लागलं ते ऑइल इंजिनच्या सुट्या भागांमुळे. इथं बनलेला भाग कुठल्या शेतावरच्या इंजिनात बसणार, हे बनवणाऱ्याला ठाऊक नसायचं, तरी तो बसायचा.

सहा यूचा भिंतीवरचा रॅक करायचा तर सामान थोडंच : खांबांना सव्वा इंची अँगल, वर-खाली पट्ट्या, बाजूला जाळीचा पत्रा. गोची होते ती वेल्डिंगला. टाके मारून झाल्यावर लोखंड थंड होताना ओढ घेतं, खांब एक-दोन सुतांनी जवळ येतात, आणि सतरा इंच सहा सुतांच्या जागेत स्विच शिरत नाही. अनुभवी माणूस आधी एक पॅनल वर आणि एक खाली स्क्रूनं जखडून मगच वेल्डिंग करतो, किंवा सरळ नटबोल्टची चौकट करतो. दुसरी अडचण आट्यांची. तीन मिलिमीटरच्या अँगलमध्ये पाचचं ड्रिल मारून सहाचा टॅप फिरवला तर जेमतेम तीन आटे मिळतात. वर पावडर कोटिंग चढलं की तेही बुजतात आणि टॅप पुन्हा फिरवावा लागतो. म्हणून तयार रॅकला चौकोनी भोकं असतात, तीन सुती, आणि त्यात पिंजऱ्यातला नट अडकवतात. आटे झिजले तर नट बदलला, खांब तसाच. चौकोनी भोक ड्रिलनं होत नाही. एवढ्या कामापुरतं लेझर कटिंगवाल्याकडे जावं लागतं.

जड वस्तू खाली हा रॅकचा नियम. बॅटरीसह यूपीएस सर्वांत खालच्या यूमध्ये जातो, गरम होणारी यंत्रं वर, आणि दोन गरम यंत्रांमध्ये जमलं तर एक यू मोकळा. पण दुधाळी किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीकडे राहणाऱ्याला ‘खाली’ या शब्दाचा वेगळा अर्थ कळतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर तिथं अख्खा रॅकच माणसाच्या डोक्यावर नेणं शहाणपणाचं. जुन्या पेठांतल्या मातीच्या भिंतीत अँकर फास्टनर धरत नाहीत. तिथं आधी तुळईला आडवी फळी ठोकून मग तिच्यावर रॅक टांगावा.

लोखंडाला हात न लावताही रॅक होतो. आयकियाचं लॅक नावाचं स्वस्त टेबल पंचावन्न सेंटिमीटर चौरस, पाय पाच सेंटिमीटर जाड. दोन पायांत उरतात पंचेचाळीस, म्हणजे जवळजवळ सतरा इंच सहा सूतच. हा योगायोग नेदरलँडमधल्या हौशी संगणकवाल्यांनी २०१० च्या सुमारास हेरला आणि टेबलाच्या पायांतच स्विच स्क्रूनं बसवले. पाय बरेचसे पोकळ असतात, तेव्हा जड सर्व्हरचा मोह नको.

घरगुती रॅकचं सध्याचं पिल्लू मात्र दहा इंची आहे. उंचीचा यू तोच, पाच-पाच-चार तेच, रुंदी जवळजवळ निम्मी. ऑफिसांतून बाहेर पडलेले जुने छोटे संगणक, उदाहरणार्थ लेनोवोचा टायनी, सुमारे अठरा सेंटिमीटर रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर उंच असतात. ते एका यूत आडवे बसतात. रास्पबेरी पाय उभा केला तर छप्पन्न मिलिमीटर होतो, एका यूत मावत नाही, पण दोन यूत चार-पाच शेजारी शेजारी राहतात. इथं भोकांतलं आडवं अंतर नऊ इंच अडीच सूत आणि मोकळी जागा आठ इंच सहा सूत धरतात. पुढून मागेपर्यंतच्या खोलीचं माप मात्र ज्याचं त्याचं वेगळं. तेव्हा आधी स्विच विकत घ्यावा, मागच्या वायरला वळायला दोन-अडीच इंच धरावेत, आणि तो स्विच बरोबर घेऊनच उद्यमनगरात जावं.