सँगरची नाताळवारी

डिसेंबर महिन्याचा दुसरा रविवार उजाडला कीं कॅलिफोर्नियांतील सँगर या सपाटीवरच्या गांवांतून मोटारींची एक रांग पूर्वेकडील सिएरा नेव्हाडा पर्वताची वाट धरते. खालीं द्राक्षांचे मळे आणि संत्र्यांच्या बागा. वर चढत गेलें कीं सूचिपर्णी वृक्षांचें दाट रान, आणि शेवटीं बर्फ. सुमारे साडेसहा हजार फूट उंचीवर गाड्या थांबतात. मुलें, तरुण, म्हातारीं माणसें गरम कपडे सांवरीत एका झाडासमोर जमतात. त्याचें नांव 'जनरल ग्रांट'. उंची सुमारे २६८ फूट, बुंध्याचा घेर शंभर फुटांहून अधिक, आणि वय सोळाशे वर्षांच्या वर. नाताळचीं गाणीं होतात, प्रार्थना होते, आणि वनरक्षक बुंध्याशीं हिरव्या डहाळ्यांचें एक मोठें चक्र ठेवतात. झाडावर दिवा नाहीं, चमकी नाहीं, टांगलेलें खेळणें नाहीं. वॉशिंग्टन येथें १९२३ पासून दिव्यांनीं उजळणारें झाड निराळें. हा रानांतला वृक्ष अमेरिकेनें 'राष्ट्राचा नाताळवृक्ष' म्हणून मानला आहे, आणि त्याचें हें पूजन आडदिवशींच्या पूजेइतकेंच साधें आहे.

राष्ट्रीय उद्यान म्हटलें कीं डोळ्यांपुढें सरकारी कायदा, हद्दीच्या खुणा आणि पहारेकरी उभे राहतात. कायदा झाला म्हणजे रान वांचलें, अशी सामान्य समजूत असते. सँगरच्या या वारीचा इतिहास पाहिला तर तसें दिसत नाहीं. कायद्यानें कुऱ्हाड थांबली खरी. परंतु रान जगविण्यास लोकांचा जिव्हाळा लागला, आणि तो मोठ्या अनपेक्षित ठिकाणाहून आला. जें गांव आज या वृक्षापुढें नम्र होतें, त्याच गांवाची भरभराट एके काळीं याच जातीच्या वृक्षांच्या लाकडावर झाली होती.

हे महावृक्ष सिक्वोया जातीचे. सिएरा नेव्हाडाच्या पश्चिम उतारावर त्यांच्या राया विखुरलेल्या आहेत. जगांत अन्यत्र कोठेंहि ते आपोआप उगवत नाहींत. मोनो जमातीचे लोक या रानांत पिढ्यान्‌पिढ्या वावरत आले होते. गोऱ्या वसाहतवाल्यांपैकीं जोसेफ टॉमस यानें १८६२ सालीं हा वृक्ष पाहिला, आणि १८६७ सालीं ल्युक्रेशिया बेकर या बाईंनीं त्यास यादवी युद्धांतील विजयी सेनापति ग्रांट यांचें नांव दिलें. आरंभीं या झाडांकडे लोक केवळ कौतुकानें पाहत. परंतु तें कौतुकहि घातक ठरलें. १८७५ सालीं याच राईंतील एक प्रचंड वृक्ष प्रदर्शनासाठीं पाडण्यांत आला. दोन माणसांस त्या कामीं नऊ दिवस लागले. बुंध्याचा सोळा फुटांचा भाग सुटा करून पुढील वर्षीं फिलाडेल्फिया येथील शतसांवत्सरिक प्रदर्शनांत पुन्हा जुळवून मांडला. तो पाहून पूर्वेकडील लोक हंसले. एवढें झाड असणें शक्य नाहीं, ही कॅलिफोर्नियाची लबाडी आहे, असें ठरवून ते निघून गेले. झाड गेलें तें गेलेंच, वर खोटेंहि ठरलें. त्याचा खुंट आजहि राईंत आहे.

खरा घाला यानंतर आला. १८८८ सालीं लोहमार्गावरचें ठाणें म्हणून सँगर वसलें. त्याच वर्षीं 'किंग्ज रिव्हर लंबर कंपनी' स्थापन झाली. डोंगरांत कापलेल्या फळ्या खालीं आणण्यासाठीं तिनें ५४ मैल लांबीचा लाकडी पाट बांधला. त्यांत पाणी खेळवावयाचें आणि फळ्यांचे भारे सोडून द्यावयाचे. ते कडेकपाऱ्यांवरून वाहत थेट सँगरच्या वखारींत येत. १८९० सालीं पाट पुरा झाला तेव्हां गांवानें मोठा उत्सव केला. नाताळवारीच्या आधींचा सँगरचा हा पहिला वृक्षोत्सव. मात्र तो वृक्ष पडण्याचा होता.

पुढें याच कंपनीच्या कुऱ्हाडी कॉन्व्हर्स खोऱ्यांत शिरल्या. सिक्वोयांच्या सर्वांत मोठ्या रायांपैकीं ती एक होती. थोड्या वर्षांत तेथील हजारों वृक्ष पडले. या जुन्या वृक्षांचें लाकूड ठिसूळ. अडीचशे फुटांचा वृक्ष कोसळतांना त्याचे तुकडे तुकडे होत. दीड-दोन हजार वर्षें वाढलेलें झाड पाडावें आणि त्यांतून कुंपणाचे खांब, द्राक्षवेलींच्या आधाराच्या काठ्या आणि छपराच्या पट्ट्या काढाव्या, असा तो व्यवहार होता. गंमत अशी कीं त्यांत कंपनीलाहि धड नफा झाला नाहीं. त्या खोऱ्यांत राखलेला एक महावृक्ष आज उभा आहे, आणि त्यास नांव आहे कंपनीच्याच व्यवस्थापकाचें, फ्रँक बूल याचें.

पाट पुरा झाला त्याच वर्षीं, १ ऑक्टोबर १८९० रोजीं, राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या सहीनें जनरल ग्रांट राष्ट्रीय उद्यान अस्तित्वांत आलें. क्षेत्र सुमारे चार चौरस मैल. एवढ्या टापूंतील झाडें वांचलीं; हद्दीबाहेर करवती चालूच राहिल्या. उद्यान झालें, परंतु तें राखण्यास माणसें नव्हतीं. म्हणून १८९१ पासून घोडदळाचे शिपाई उन्हाळ्यापुरते येऊं लागले. राईंत एक पोकळ सिक्वोया आडवा पडलेला आहे. शिपायांनीं त्याचाच तबेला केला होता. १९०३ सालीं या उद्यानाची व शेजारच्या सिक्वोया उद्यानाची देखरेख कॅप्टन चार्ल्स यंग यांच्याकडे आली. गुलामगिरींत जन्मलेला हा निग्रोवंशीय अधिकारी. त्यांच्या शिपायांनीं एका उन्हाळ्यांत सिक्वोया उद्यानांतील महावृक्षांपर्यंत गाडीरस्ता पोंचविला. लोक आल्यावांचून रानाला कोणी वाली मिळणार नाहीं, हें त्या रस्त्यामुळें पुढें सिद्ध झालें. उद्यानांच्या पोटांत खासगी मालकीच्या जमिनी होत्या, आणि त्या सरकारनें विकत घ्याव्या असाहि यंग यांचा आग्रह होता.

तो आग्रह फळास येण्यास तेरा वर्षें लागलीं. १९१६ सालीं विधिमंडळानें सिक्वोया उद्यानांतील अशा जमिनीसाठीं ५०,००० डॉलर मंजूर केले. मालकांनीं ७०,००० मागितले. उरलेले २०,००० 'नॅशनल जिऑग्राफिक सोसायटी'नें घातले, आणि महावृक्षांखालची ती जमीन राष्ट्राची झाली. त्याच वर्षीं २५ ऑगस्ट रोजीं सर्व राष्ट्रीय उद्यानांसाठीं स्वतंत्र खातें निर्माण झालें. सरकारचा हात जेथें तोकडा पडला तेथें लोकांनीं आपला हात पुढें केला, ही गोष्ट या उद्यानांच्या इतिहासांत वारंवार दिसते.

सँगरचा हात मात्र पैशांचा नव्हता. १९२४ सालीं त्या गांवचे आर. जे. सीनियर हे गृहस्थ जनरल ग्रांट वृक्षाखालीं उभे होते. शेजारीं एक लहान मुलगी मान वर करून पाहत होती. नाताळचें झाड म्हणून हें किती शोभेल, अशा अर्थाचे उद्गार तिनें काढले. प्रदर्शनांतल्या बुंध्याला लबाडी म्हणणारे जाणते लोक, त्याच जातीच्या वृक्षांत काठ्या आणि पट्ट्या पाहणारे व्यापारी, आणि हें मूल. तिघांचीहि वस्तु एकच. दृष्टि मात्र निराळी. सीनियर यांनीं ती गोष्ट गांवच्या व्यापारी मंडळाचे चिटणीस चार्ल्स ली यांस सांगितली, आणि १९२५ च्या नाताळच्या दिवशीं भर दुपारीं वृक्षापाशीं पहिला सोहळा झाला. पुढें ली यांनीं राष्ट्राध्यक्ष कूलिज यांस पत्र लिहिलें, आणि २८ एप्रिल १९२६ रोजीं या वृक्षास 'राष्ट्राचा नाताळवृक्ष' ही पदवी मिळाली. तेव्हांपासून सँगरनें ही वारी आपली मानली.

१९४० सालीं हें लहानसें उद्यान नव्या किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यानांत विलीन झालें. १९५६ सालीं युद्धांत प्राण दिलेल्या सर्व अमेरिकन सैनिकांचें जिवंत स्मारक म्हणून विधिमंडळानें याच वृक्षास मान दिला. बुंध्याशीं ठेवलेल्या त्या चक्रांत आतां नाताळचा आनंद आणि मृतांचें स्मरण दोन्ही असतात.

परंतु प्रेमानेंहि चूक होऊं शकते. रान वांचवावयाचें म्हणजे आग येऊं द्यावयाची नाहीं, असें उद्यानाचे पालक अनेक दशकें मानीत आले. वस्तुतः सिक्वोयाची जाड साल साधारण वणवा सोसते. त्याचीं फळें उष्णतेनें उलगडतात, आणि आगीनें मोकळ्या झालेल्या मातींतच त्याचें इवलेंसें बीं रुजतें. मूळचे रहिवासी रान हेतुपूर्वक जाळीत आले होते. १९६० नंतरच्या दशकांत रिचर्ड हार्टेसवेल्ट यांच्या संशोधनानें हें उघड केलें, आणि १९६८ पासून या उद्यानांत शहाणपणानें, बेतानें जाळ करण्यास आरंभ झाला. २०१५ सालीं 'रफ' नांवाचा मोठा वणवा ग्रांटच्या राईपर्यंत आला. पूर्वीं असे जाळ केलेल्या भागांत त्याचा जोर मंदावला. परंतु सांचलेला पालापाचोळा, दुष्काळ आणि वाढती उष्णता यांचें देणें फार थकलें होतें. २०२० व २०२१ या दोनच वर्षांतील वणव्यांत जगांतील मोठ्या सिक्वोयांपैकीं सुमारे १३ ते १९ टक्के वृक्ष गेले. जनरल ग्रांट वांचला.

तेव्हां आतां उत्सव करणाऱ्यांवर एक जादा भार आला आहे. झाडाखालीं उभें राहून गाणें म्हणणें सोपें. ज्या रानांत आपण गातों तेथें वनरक्षकानें धूर केला, वाट कांहीं दिवस बंद ठेवली, आणि राईची जमीन काळी दिसली, तरी त्याच्या पाठीशीं उभें राहणें अधिक कठीण. पण खरा आधार तोच. सँगरच्या लोकांस एक पालट पूर्वीं साधला आहे. ज्या डोंगरावरून एके काळीं फळ्या वाहत त्यांच्या गांवांत उतरत, त्याच डोंगरावर आतां दर डिसेंबरांत त्यांचीं मुलें चढून जातात, बर्फांत उभीं राहतात आणि मान वर करून पाहतात.