पूर्व पाकिस्तान सीमेवरील सैन्याची जमवाजमव आणि निर्वासितांचा प्रश्न (१९७१)

मार्च ते डिसेंबर १९७१ या काळात पूर्व पाकिस्तानातून (सध्याचा बांगलादेश) सुमारे एक कोटी लोक सीमा ओलांडून भारतात आले. याच काळात त्या सीमेच्या दोन्ही बाजूंना सैन्याची जमवाजमव होत गेली. या दोन घटनांचा परिणाम म्हणून डिसेंबर १९७१ मध्ये भारत-पाकिस्तान युद्ध झाले. हे युद्ध तेरा दिवस चालले. तत्पूर्वीचे आठ महिने इतिहासलेखनात काहीसे उपेक्षित राहिले आहेत.

पार्श्वभूमी

डिसेंबर १९७० च्या सार्वत्रिक निवडणुकीत शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगला पाकिस्तानच्या राष्ट्रीय सभेत स्पष्ट बहुमत मिळाले, परंतु सत्तांतर झाले नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात ‘ऑपरेशन सर्चलाइट’ ही दडपशाहीची मोहीम सुरू केली आणि स्थलांतरास प्रारंभ झाला.

निर्वासितांचा ओघ

भारत सरकारच्या आकडेवारीनुसार १ डिसेंबर १९७१ रोजी निर्वासितांची संख्या ९८,९९,३०५ होती. त्यांपैकी सुमारे ७४.९ लाख पश्चिम बंगालमध्ये, १४.२ लाख त्रिपुरात, ६.७ लाख मेघालयात व ३.१ लाख आसामात होते. हे आकडे स्थानिक लोकसंख्येशी ताडून पाहिल्याखेरीज त्यांचा अर्थ कळत नाही. १९७१ च्या जनगणनेनुसार त्रिपुराची स्वतःची लोकसंख्या १५.५६ लाख होती. म्हणजे तेथे जवळजवळ प्रत्येक रहिवाशामागे एक निर्वासित होता. एकूण ८२५ छावण्यांत सुमारे ६८ लाख लोक राहत होते. उरलेल्या ३१ लाखांना आप्त व परिचितांनी आसरा दिला होता.

निर्वासितांमध्ये हिंदूंचे प्रमाण फार मोठे होते. देशात जातीय तणाव उद्भवू नये म्हणून भारत सरकारने या बाबीचा जाहीर उच्चार टाळला.

कोलकात्याजवळील सॉल्ट लेक येथे अनेक कुटुंबे सांडपाण्याच्या मोठ्या नळांत राहिली. पावसाळ्याच्या तोंडावर छावण्यांत पटकीची (कॉलरा) साथ पसरली. बनगाव येथील रुग्णालयात शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाण्यातील मिश्रण रुग्णांना तोंडाने पाजण्यास सुरुवात केली. रुग्णांचे नातेवाईकच हे पाणी पाजत असत. त्यामुळे मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. आज घरोघरी परिचित असलेल्या जलसंजीवनीचा हा पहिला मोठा प्रत्यक्ष वापर होय.

खर्चासाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर ५ पैशांचे जादा ‘शरणार्थी साहाय्य’ तिकीट लावणे बंधनकारक करण्यात आले. नाशिकच्या सरकारी मुद्रणालयात छापलेल्या या तिकिटामुळे सीमेपासून दूर असलेल्या महाराष्ट्रातील सामान्य माणसालाही या प्रश्नाची झळ, अल्पशी का होईना, पोहोचली.

सैन्याची जमवाजमव

एप्रिलमध्येच युद्ध सुरू करण्यास सेनाप्रमुख सॅम माणेकशा यांनी नकार दिला, ही हकीकत त्यांच्याच भाषणांमुळे प्रसिद्ध आहे. श्रीनाथ राघवन यांच्यासारख्या इतिहासकारांच्या मते राजकीय नेतृत्वही त्या वेळी युद्धास उत्सुक नव्हते. थांबण्याची कारणे मात्र निर्विवाद होती. पावसाळ्यात बंगालच्या नद्या ओलांडणे अशक्यप्राय होते आणि हिवाळ्यात हिमालयातील खिंडी बंद झाल्यावर चीनच्या हस्तक्षेपाची शक्यता कमी होणार होती.

लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्या पूर्व विभागाखाली पश्चिमेस कृष्णनगर, उत्तरेस सिलिगुडी व पूर्वेस त्रिपुरा येथून तीन कोअर सज्ज करण्यात आल्या. मेघालयाच्या बाजूने आणखी एक लहान दल होते. सर्वांत कठीण काम त्रिपुरातील होते. रेल्वे धर्मनगरपर्यंतच होती. पुढे डोंगरातील एकाच अरुंद रस्त्याने सैन्याचा दारूगोळा आणि निर्वासितांचे धान्य या दोन्हींची वाहतूक करावी लागे. पलीकडे लेफ्टनंट जनरल अ. अ. खा. नियाझी यांनी सीमेलगतची शहरे तटबंदीची ठाणी म्हणून लढवण्याचे ठरवले. त्यामुळे त्यांचे सैन्य लांबच्या लांब सीमेवर विखुरले गेले.

राजनैतिक प्रयत्न

सीमेच्या दोन्ही बाजूंना संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी नेमावेत, ही सूचना पाकिस्तानने स्वीकारली, परंतु भारताने नाकारली. लोक सीमेवरील परिस्थितीमुळे नव्हे, तर आतील अत्याचारांमुळे येत आहेत, असे भारताचे म्हणणे होते. दोन्ही सैन्ये मागे घेण्याच्या सूचनेलाही याच कारणास्तव नकार मिळाला. यातील पेच असा, की सैन्य मागे घेतल्याने निर्वासित परत जाणार नव्हते आणि निर्वासित असेपर्यंत भारत सैन्य मागे घेणार नव्हता. ९ ऑगस्ट रोजी भारत-सोव्हिएत मैत्री करार झाला.

युद्ध व परतपाठवणी

२०-२१ नोव्हेंबरला गरीबपूर येथे रणगाड्यांची लढाई झाली. ३ डिसेंबरला पाकिस्तानने भारताच्या पश्चिम भागातील विमानतळांवर हल्ले केले आणि १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली.

जानेवारी १९७२ पासून संघटितपणे परतपाठवणी सुरू झाली. फेब्रुवारीअखेर ९० लाखांहून अधिक लोक परतले होते आणि मार्चच्या अखेरीस भारत सरकारच्या अंदाजानुसार सुमारे ६० हजार उरले होते. टपालावरील शरणार्थी कर मात्र ३१ मार्च १९७३ पर्यंत चालू राहिला.