गरोदरपणातील रक्तमेद : मधुमेह आणि मूत्रपिंडविकार

दिवस गेल्यावर रक्तातील मेद वाढतो, तो आजार म्हणून नव्हे. सुरुवातीला शरीर चरबी साठवते. पुढे इस्ट्रोजेनमुळे यकृत जास्त ट्रायग्लिसराइड रक्तात सोडते, इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो आणि साठा मोकळा होतो. आई चरबीवर भागवते, ग्लुकोज बाळाला मिळते. शेवटच्या तिमाहीत ट्रायग्लिसराइड दुप्पट-तिप्पट होतात, कोलेस्टेरॉल पाव ते निम्म्याने चढते. त्यामुळे लिपिड प्रोफाइलच्या कागदावर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा गर्भवतीला लागू पडत नाही.

मधुमेह या चढावर भर घालतो. गरोदरपणात उद्भवलेल्या मधुमेहात ट्रायग्लिसराइड आणखी वाढतात, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) तुलनेने कमी राहते. टाइप १ मध्ये साखर आटोक्यात असेल तर फरक थोडाच दिसतो.

मूत्रपिंडाचे दुखणे वेगळ्या वाटेने येते. लघवीतून अल्ब्युमिन वाहून जाते, यकृत भरपाईला लागते आणि त्याबरोबर मेदवाहक कणही जास्त तयार करते. शिवाय रक्तातून ट्रायग्लिसराइड हटण्याचा वेग घटतो. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढते. बॉस्टनच्या प्रिसिला व्हाइट यांनी 1949 मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात मधुमेहाने मूत्रपिंड बिघडलेल्या गर्भवतींचा ‘एफ’ असा स्वतंत्र वर्ग आहे. या गटात प्री-एक्लॅम्प्सिया (गरोदरपणातला रक्तदाबाचा विकार) आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचा धोका मोठा असतो.

या मेदाचा बाळावर काय परिणाम होतो, याचा महत्त्वाचा पुरावा पुण्याजवळचा आहे. केईएम रुग्णालयाच्या चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून सहा खेड्यांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, बाळाच्या वाढीशी आईच्या साखरेइतकाच तिच्या रक्तातल्या मेदाचाही संबंध आहे.

गर्भवतींच्या मधुमेहाच्या देशभरातल्या सरकारी तपासणीची रीत अशी : 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचे, पोट रिकामे असो वा नसो, आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. साखर 140 मिलिग्रॅम किंवा अधिक भरली की गरोदरपणातला मधुमेह धरतात. मेदाची तपासणी मात्र या नेहमीच्या चाचणीचा भाग नाही.

उपचारात आधी साखर आणि रक्तदाब सांभाळतात. मूत्रपिंडासाठी एरवी दिली जाणारी एसीई इनहिबिटर औषधे गर्भाच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात, म्हणून ती बदलतात. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन औषधेही बहुधा थांबवतात. ट्रायग्लिसराइड 1000 मिलिग्रॅमच्या वर गेले तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, तेव्हा आहारातले तेल-तूप काटेकोरपणे कमी करावे लागते. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ट्रायग्लिसराइड उतरतात, एलडीएलला जास्त वेळ लागतो. त्यानंतरही आकडे चढेच राहिले, तर कारण मधुमेहात किंवा मूत्रपिंडात शोधतात आणि अंगावर पाजणे संपल्यावर स्टॅटिनचा विचार करतात.