वेताळ टेकडीवरील स्थानिक वनस्पतींचे पुनरुज्जीवन

पुणे शहरातील वेताळ टेकडीवर, विशेषतः तिच्या पायवाटांलगत, स्थानिक झाडे, झुडपे व गवते पुन्हा रुजविण्याचे काम नागरिकांचे विविध स्वयंसेवी गट करतात. या कामाची चालक अशी कोणतीही एक संस्था नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची ही टेकडी शहरातील सर्वांत उंच ठिकाण मानली जाते. फिरायला येणाऱ्यांची येथे रोज वर्दळ असते व स्वयंसेवकही बहुधा त्यांच्यातूनच मिळतात.

पार्श्वभूमी

बेसाल्ट खडकावरील पातळ मातीत गवताळ माळ आणि विरळ पानझडी झाडोरा हे टेकडीचे मूळ रूप होय. सालई, मोई, गणेर, पळस, पांगारा, मेडशिंगी ही येथील ओळखीची झाडे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उघड्या उतारांवर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) मोठी लागवड झाली. मध्य अमेरिकेतील हे झाड झपाट्याने वाढते, तोडल्यावर पुन्हा फुटते आणि गुरे त्याला फारशी तोंड लावत नाहीत. त्यामुळे टेकडी लवकर हिरवी दिसू लागली. मात्र दाट सावलीखाली गवते व स्थानिक रोपे मागे पडली. उंदीरमारी हे त्याचे दुसरे नाव त्याच्या विषारीपणावरून पडले आहे.

कामाचे स्वरूप

लागवड पावसाच्या सुरुवातीला होते, पण खरी कसोटी फेब्रुवारी ते मे या काळात लागते. पहिली दोन-तीन वर्षे रोप जगविण्यासाठी फिरायला येणारे अनेकजण घरून पाण्याच्या बाटल्या, कॅन वाहून आणतात. आळी करणे, पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे, समतल चर खणणे आणि वणवा लागल्यास तो विझविणे ही कामेही चालतात. वनजमिनीवर यासाठी वन विभागाची परवानगी लागते.

मतभेद

सरसकट वृक्षारोपणाला अनेक वनस्पती-अभ्यासकांचा आक्षेप आहे. गवताळ माळ ही पडीक जमीन नसून स्वतंत्र अधिवास आहे. तेथे देशी झाडे दाटीने लावली तरी गवत व त्यावर जगणारे पक्षी, कीटक हटतात. गिरिपुष्प एकदम काढल्यास उतार उघडे पडतात, म्हणून टप्प्याटप्प्याने विरळणी करून मोकळ्या जागी स्थानिक रोपे वाढू देणे अधिक सयुक्तिक ठरते.

बालभारती ते पौड फाटा हा नियोजित रस्ता टेकडीच्या उतारावरून जाणार असल्याने त्याला दीर्घकाळ विरोध होत आहे. एप्रिल २०२३ मध्ये त्याविरुद्ध निघालेल्या पदयात्रेत मोठ्या संख्येने नागरिक सहभागी झाले होते.