तोफेच्या गाडीपासून खोडदच्या तबकडीपर्यंत

लढाई संपली की शिपाई घरी परततो. त्याच्या पराक्रमाचे पोवाडे होतात. जो परतत नाही त्याच्या नावाचा दगड गावात उभा राहतो. पण ज्या गाड्यांनी त्याला रणात नेले, ज्या यंत्रांनी त्याच्या तोफेला नेम दाखविला, त्यांचे पुढे काय होते, हा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. भंगारात गेले, एवढे म्हणून आपण मोकळे होतो.

वास्तविक सगळ्याच गाड्या काही भंगारात जात नाहीत. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा फौजांनी मागे ठेवलेल्या जीपा, मालमोटारी आणि नाना तऱ्हेचे सामान आपल्या देशात लिलावात निघाले. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द त्या वेळी बाजारात सर्वांच्या तोंडी होता. लढाईसाठी अमेरिकेत जन्मलेली जीप स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्र कंपनी जोडू लागली, आणि पुढे तिच्याच कुळातल्या गाड्या आमच्या जुन्नर-आंबेगावच्या घाटरस्त्यांवर वडाप म्हणून धावल्या. आत दहा, मागे लोंबकळणारे चार आणि टपावर कोंबड्यांची डालगी! रणांगणावर तिने एवढे ओझे खचित वाहिले नसेल. चाकरीत असलेल्या यंत्रांनाही दुसरे काम लागतेच. २०१९च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूरला वेढले तेव्हा सैन्यदलांच्या होड्या आणि हेलिकॉप्टरे माणसांच्या सुटकेसाठी धावली.

परंतु या साऱ्यांत गाडीचे काम पालटले तरी जात पालटली नाही. ओझे वाहणारी गाडी ओझेच वाहत राहिली. लष्करी गाड्यांच्या एका घराण्याचे मात्र असे झाले की, त्यांनी वाहतूक सोडून चक्क ज्ञानाचा धंदा पत्करला. त्या घराण्याची सर्वांत थोर वंशज आमच्याच मुलखात, जुन्नर तालुक्यातील खोडद गावी आहे. पुणे-नाशिक रस्त्याने जाणाऱ्याने नारायणगावापाशी पूर्वेकडे वळावे; थोड्याच वेळात द्राक्षमळ्यांच्या आणि उसाच्या वर आभाळाकडे तोंड केलेल्या प्रचंड जाळीदार तबकड्या दिसू लागतात. जी.एम.आर.टी. हे तिचे नाव. लोक तिला सरळ 'दुर्बीण' म्हणतात. ती आकाश पाहत नाही, ऐकते. ताऱ्यांकडून आणि आकाशगंगांकडून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणे हे तिचे काम. तिची वंशावळ मात्र सुरू होते ती इंग्लंडच्या किनाऱ्यावर, तोफांच्या शेजारी.

१९४२चा फेब्रुवारी महिना. १२ तारखेला जर्मनांची मोठी लढाऊ जहाजे इंग्लिश खाडीतून इंग्रजांच्या नाकावर टिच्चून निघून गेली. इंग्रजांच्या किनाऱ्यावर रडारे होती, पण जर्मनांनी आपल्या रेडिओलहरींचा गोंगाट करून ती बधिर करून टाकली. या गोंगाटाचा बंदोबस्त कसा करावा, हे शोधण्याचे काम सैन्याच्या ज्या मंडळींकडे आले, त्यांत जेम्स स्टॅन्ली हे नावाचे एक गृहस्थ होते. युद्धापूर्वी ते बर्नली गावच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत. म्हणजे आमच्याच जातीचे, शाळामास्तर!

त्या काळी विमानविरोधी तोफांना नेम धरून देण्यासाठी 'जी.एल.' नावाची रडारे असत. चाकांवरच्या खोल्याच म्हणा ना. एका गाडीत लहरी सोडण्याचे यंत्र, दुसरीत परतलेल्या लहरी टिपण्याचे, सोबत विजेचे जनित्र. तोफा जातील तिकडे हे बिऱ्हाड जाई. २७ आणि २८ फेब्रुवारीला निरनिराळ्या ठिकाणच्या अशा रडारांनी भयंकर गोंगाटाच्या तक्रारी केल्या. शत्रूचे विमान तर कोठेच नव्हते. स्टॅन्ली मास्तरांनी साऱ्या तक्रारी एकत्र मांडल्या, गोंगाटाची दिशा तपासली, आणि त्यांना दिसले की ती दिशा दिवसभर सरकत आहे. जसा सूर्य सरकतो तशीच. सूर्यावर त्या दिवसांत एक मोठा डाग आला होता. रडारांना बधिर करणारा हा शत्रू जर्मन नव्हता. तो प्रत्यक्ष सूर्यनारायण होता. सूर्याकडून रेडिओलहरी येतात हे माणसाला कळले ते असे, तोफेच्या गाडीत बसून. युद्ध चालू असेपर्यंत ही गोष्ट गुप्त राहिली.

युद्ध संपले. मँचेस्टर विद्यापीठातील बर्नार्ड लव्हेल यांनी युद्धाची वर्षे विमानांतील रडारे तयार करण्यात घालविली होती. विश्वकिरणांचा माग रडारने लागतो का, हे त्यांना पाहायचे होते. नवे यंत्र घ्यायला पैसा नव्हता. परंतु सैन्याकडे आता नको झालेली जी.एल. रडारे पडून होती. स्टॅन्ली मास्तरांच्या मध्यस्थीने लव्हेल यांनी त्यांपैकी एक मिळविले आणि विद्यापीठाच्या चौकात आणून लावले. चालू करतात तो नुसता गोंगाट! शेजारच्या रस्त्यावरून विजेच्या ट्रामगाड्या जात होत्या, आणि त्यांच्या ठिणग्यांतून उठणाऱ्या लहरी यंत्राचे कान किटवीत होत्या. ट्राम हलविणे प्राध्यापकाच्या हाती नव्हते. तेव्हा त्यांनी स्वतःचेच बिऱ्हाड हलविले. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाची जमीन शहरापासून दूर, जॉड्रेल बँक या ठिकाणी होती. १९४५च्या डिसेंबरात या लष्करी गाड्या तेथल्या शेतात जाऊन उभ्या राहिल्या. ही ट्रामची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याशी आपल्याला पुढे काम आहे.

विश्वकिरण काही सापडले नाहीत. सापडल्या त्या उल्का. सैन्यातल्या एका शोधदिव्याच्या फिरत्या बैठकीवर लव्हेल यांनी ॲन्टेना चढविली. शत्रूची विमाने उजेडात धरण्यासाठी केलेली ती बैठक १९४६च्या ऑक्टोबरात उल्कावर्षावाच्या मागावर फिरली. पुढे १९५७ साली त्याच जागी ७६ मीटर व्यासाची फिरती दुर्बीण उभी राहिली. ती फिरविण्यासाठी दातेरी पट्ट्या हव्या होत्या. त्या 'रॉयल सॉव्हरिन' आणि 'रिव्हेंज' या मोडीत निघालेल्या युद्धनौकांच्या तोफांच्या बुरुजांतून काढून आणल्या.

हरलेल्यांच्या सामानाचेही तसेच झाले. जर्मनांनी विमाने हेरण्यासाठी 'वुर्ट्‌सबुर्ग' जातीची साडेसात मीटर व्यासाची मोठी रडारे केली होती. माघार घेताना ती हॉलंडच्या किनाऱ्यावर राहून गेली. डच शास्त्रज्ञांनी त्यांतले एक कोटवेक येथे नेले, आणि १९५१च्या मे महिन्यात ऊर्ट व म्युलर यांनी त्याच तबकडीने आकाशगंगेतील हायड्रोजन वायूची २१ सेंटिमीटर लांबीची लहर ऐकली. तीच लहर अमेरिकेत हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी त्याआधी काही आठवडे प्रथम टिपली होती. केंब्रिजमध्ये मार्टिन राइल यांनीही जर्मन तबकड्यांवर काम केले. त्यांना पुढे १९७४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या मुलखावर जर्मनांनी पहारा बसविला होता, त्याच मुलखाने त्यांच्या पहारेकऱ्याला खगोलशास्त्रज्ञ केले, यापेक्षा गोड सूड कोणता?

आता आपल्या देशाकडे वळू. ऑस्ट्रेलियातील सिडनीची रेडिओ प्रयोगशाळा ही मूळची युद्धातली. रडार तयार करण्यासाठीच ती काढली होती. लढाई संपताच पॉसी यांच्या मंडळींनी किनाऱ्यावरच्या लष्करी रडारांची तोंडे सूर्याकडे वळविली. १९५३ साली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक के. एस. कृष्णन यांनी गोविंद स्वरूप नावाच्या तरुणाला तेथे शिकायला धाडले. सिडनीत सूर्याच्या वेधासाठी केलेल्या, सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या होत्या. त्यांचे काम संपत आले होते आणि त्या काढून टाकायच्या होत्या. स्वरूप यांनी त्या आपल्या देशासाठी मागितल्या, आणि ऑस्ट्रेलियाने दिल्या. या तबकड्या स्वतः लढाईतल्या नव्हत्या. पण ज्या घरात त्या जन्मल्या ते घर लढाईने बांधले होते, आणि दुसऱ्याने टाकलेले उचलून त्याचे सोने करायचे ही त्या घराची रीत त्यांच्याबरोबर आली.

स्वरूप अमेरिकेत स्टॅनफर्डला डॉक्टर झाले. होमी भाभा यांच्या बोलावण्यावरून १९६३ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, आणि १९६५ साली त्या जुन्या तबकड्या कल्याणजवळ ओळीने उभ्या राहिल्या. आपल्या देशातील ही पहिली रेडिओदुर्बीण! पाच वर्षांनी, १९७० साली, उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली. आणि मग दृष्टी वळली ती आमच्या मुलखाकडे.

खोडदच का? पुणे-मुंबईतली कारखानदारी येथून दूर, लहरींचा गोंगाट कमी, आणि तरीही सामान व माणसे मिळायला पुणे हाकेच्या अंतरावर. सोसाट्याचे वारेही फारसे नाहीत. म्हणजे ज्या कारणासाठी लव्हेल शहर सोडून शेतात गेले, त्याच कारणासाठी स्वरूप खोडदला आले. त्यांना हवी होती शांतता. येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. चौदा खोडदला एका चौरस किलोमीटरच्या परिसरात, आणि सोळा इंग्रजी 'वाय' अक्षराच्या तीन बाहूंवर, दूरदूरच्या गावांत विखुरलेल्या. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर एका तबकडीचे तोंड पावणेसोळा गुंठ्यांचे, आणि तीसांचे मिळून पावणेबारा एकर! एवढा पसारा पत्र्याचा केला असता तर खर्चही झेपला नसता आणि वाराही. स्वरूप यांनी पोलादी दोरांच्या चौकटीवर बारीक तारेची जाळी ताणली. वारा जाळीतून निघून जातो, लांब लहर मात्र परतून मध्यावर येते. २००१ साली ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली. पुढे जगभरच्या शास्त्रज्ञांना तिचे दार उघडले. जर्मन तबकडीने १९५१ साली ऐकलेली हायड्रोजनची ती लहर या दुर्बिणीने फार दूरवरून ऐकली. आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या आकाशगंगांत हा वायू किती होता, याचे मोजमाप पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०२० साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला गोविंद स्वरूप पुण्यात निवर्तले.

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञानदिनी, खोडदला प्रदर्शन भरते. आसपासच्या शाळांची मुले आपापली यंत्रे घेऊन येतात आणि आमच्यासारखे मास्तर त्यांना रांगेत धरून नेतात. हा दिवस रामन यांच्या शोधासाठी पाळला जातो. पण त्याच तारखेला एका शाळामास्तराने सूर्याचा आवाज ओळखला होता, हे मी मुलांना आवर्जून सांगतो.

मुलांना सांगावयाची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती इतकी गोड नाही. शांतता फुकट मिळत नसते. दुर्बिणीसाठी आसपासच्या टापूत कारखाने काढण्यावर निर्बंध आले. मग पुण्याहून चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर या वाटेने नाशिकला जाणाऱ्या रेल्वेची आखणी झाली, तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या लोकांना वाटले, आता आपली भाजी, कांदा, द्राक्षे आणि शिकायला जाणारी पोरे गाडीत बसतील. परंतु रेल्वेच्या विजेने दुर्बिणीच्या कामाला बाध येईल, म्हणून ही वाट सोडून गाडी शिर्डी-अहिल्यानगरकडून नेण्याचे २०२५ साली रेल्वेमंत्र्यांनी सांगितले. मुलखात नाराजी पसरली.

मँचेस्टरला ट्राम हलली नाही, दुर्बीण हलली. तिला चाके होती. खोडदच्या तबकड्यांना ती सोय नाही. त्या काँक्रीटच्या बुरुजांवर कायमच्या बसल्या आहेत. तेव्हा आता हलायचे ते ट्रामने, म्हणजे आमच्या रेल्वेने. शास्त्राच्या बाजूने पाहिले तर यात खोटे काही नाही. ज्या यंत्राला अब्जावधी वर्षांपूर्वीची कुजबूज ऐकायची आहे, त्याच्या कानाशी विजेची गाडी धडधडत नेणे शहाणपणाचे नव्हे. पण लोकांच्या बाजूने पाहिले तर प्रश्न असा पडतो की, साऱ्या जगाला उपयोगी पडणाऱ्या या शांततेची किंमत दोन तालुक्यांनीच का मोजावी?

दुर्बीण नको, असे मी म्हणणार नाही, आणि माझ्या वर्गातला मुलगाही तसे म्हणू नये अशी माझी धडपड असते. तोफेच्या गाडीला आभाळ ऐकायला लावणे ही मनुष्यजातीने केलेल्या मोजक्या चांगल्या अदलाबदलींपैकी एक आहे, आणि तिचा मोठा अध्याय आमच्या मातीत लिहिला गेला याचा आम्हांला अभिमानच वाटतो. परंतु शिपाई गेला तर त्याच्या घरच्यांना सरकार पेन्शन देते. ज्या गावांनी आपला कारखाना आणि आपली रेल्वे देशाच्या कामासाठी सोडली, त्यांच्याही हक्काचे काही असले पाहिजे. रूळ टाकून असो वा अन्य मार्गाने असो, ते देणे फेडण्याची युक्ती शोधायला हवी. नको झालेल्या रडारातून आणि टाकून दिलेल्या तबकड्यांतून ज्यांनी एवढे विश्व उभे केले, त्यांच्या वारसांना तेवढी युक्ती सुचणे अवघड जाऊ नये.