अकस्मात, अवचित आणि छापा : सुरतेच्या निमित्ताने एक शब्दविचार

इंग्रजीतील ‘सरप्राइज’ ह्या शब्दास मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही. अकस्मात, अवचित, अचानक, एकाएकी, अनपेक्षित असे अनेक शब्द त्याच्या आसपास वावरतात. परंतु त्यांपैकी एकही त्याचे सारे अर्थक्षेत्र व्यापत नाही. हा प्रश्न केवळ कोशकारांचा आहे, असे मात्र आम्हांस वाटत नाही. इतिहास लिहिताना व शिकविताना ह्यांतला कोणता शब्द आपण योजतो, ह्यावर घटनेचे श्रेय आणि दोष कोणाच्या पदरी पडणार हे पुष्कळदा ठरते. शिवाजीमहाराजांची १६६४ सालची सुरतेवरील स्वारी हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

प्रथम शब्दांचे कुळ पाहू. ‘सरप्राइज’ फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी ‘वरून झडप घालून पकडणे’ असा अर्थ आहे. इंग्रजीत तो आरंभी युद्धाचा शब्द होता. बेसावध शत्रूवर तुटून पडणे, किंवा एखादे ठाणे असे हस्तगत करणे, ह्यासाठी तो वापरीत. आश्चर्याची भावना हा अर्थ मागाहून आला, आणि आनंदाची भेट हा तर फारच अलीकडचा. आज मराठी घरांत वाढदिवसाच्या निमित्ताने ‘सरप्राइज’ ऐकू येते, ते ह्या शेवटच्या अर्थाने. मूळच्या शब्दात मात्र झडप घालणारा कोणी एक कर्ता उभा आहे.

आमच्या ‘अकस्मात’ ह्या शब्दात असा कर्ता नाही. संस्कृतात ‘कस्मात्’ म्हणजे कशामुळे. तेव्हा ‘अकस्मात्’ म्हणजे ज्यास कारण दिसत नाही ते. ‘अवचित’ हा त्याहून मृदू. संतांच्या वाणीत तो सुखद अनुभवासाठीही येतो. ‘अनपेक्षित’ हा शब्द घटनेपेक्षा ती भोगणाऱ्याच्या मनाविषयी अधिक सांगतो. कर्त्याचा निर्देश करणारे शब्द निराळे आहेत : छापा, घाला, झडप. आणि ज्याच्यावर छापा पडतो त्याच्या स्थितीसाठी ‘बेसावध’ व ‘गाफील’ हे शब्द आहेत. इंग्रजीने जे एका शब्दात कोंबले, ते मराठीने असे तिघांत वाटून दिले आहे.

आता सुरतेकडे वळू. राजगडापासून सुरत सरळ रेषेतही २०० मैलांहून दूर. मुघलांचे हे प्रमुख बंदर. पण शहराला त्या वेळी पक्का तट नव्हता. सभासदाच्या बखरीत सुरतेची खबर आणणाऱ्या बहिरजी जासुदाचा उल्लेख आहे. म्हणजे स्वारीपूर्वी पाळत होती, बेत होता. शिवाय अवघ्या नऊ महिन्यांपूर्वी, एप्रिल १६६३ मध्ये, पुण्यात शायिस्ताखानावर असाच छापा पडलेला होता. महाराजांची युद्धरीत मुघल अधिकाऱ्यांस अपरिचित होती, असे म्हणण्यास जागा नाही.

प्रत्यक्ष सुरतेतही सूचना मिळाली नाही असे नाही. इंग्रजांच्या तत्कालीन जुन्या कालगणनेप्रमाणे मंगळवार ५ जानेवारी १६६४ रोजी सकाळी, मराठी सैन्य दक्षिणेस सुमारे २८ मैलांवर गणदेवीस आल्याची वार्ता शहरात पोहोचली. दुसऱ्या दिवशी महाराज बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर एका बागेत उतरले. मधल्या एका दिवसात सुभेदार इनायतखानाने काय केले? तो किल्ल्यात जाऊन बसला. फौजेसाठी मिळणारा पैसा तो फौजेवर खर्च करीत नसे, असे जदुनाथ सरकारांनी नमूद केले आहे. उलट, जॉर्ज ऑक्झिंडेनच्या हाताखालील मूठभर इंग्रजांनी व डचांनी आपापल्या वखारी राखल्या. वार्ता सर्वांस एकच होती. तिचे फळ मात्र ज्याच्या त्याच्या सावधपणानुसार मिळाले. मोठे व्यापारी लुटले गेले, शहराचा फार मोठा भाग जळाला, आणि १० जानेवारीस मराठे परतले.

अशा घटनेस ‘अकस्मात’ म्हटले, म्हणजे दोन गोष्टी झाकल्या जातात. एक, महाराजांची पूर्वतयारी. दुसरी, सुभेदाराची गाफिली. ज्या रयतेचे रक्षण त्याच्यावर सोपविलेले होते, त्या सुरतकरांचे दुःख खरेच होते. पण ते कारणावाचून ओढवलेले नव्हते. हे १६७० साली अधिकच स्पष्ट झाले. पहिल्या स्वारीनंतर औरंगजेबाने शहरास तट घालण्याची आज्ञा केली होती. तरीही ३ ऑक्टोबर १६७० रोजी मराठे पुन्हा सुरतेत शिरले. ह्या खेपेस तर धोक्याची कुणकुण आधीच लागलेली होती. पुढे कित्येक वर्षे नुसत्या वार्तेनेही शहरात पळापळ होत असे. ज्याची वाट रोज भीतीने पाहिली जाते, त्यास अनपेक्षित म्हणावयाचे तरी कसे?

ह्यावरून आम्हांस एवढेच सुचवावयाचे आहे की, शिक्षकांनी हा प्रसंग सांगताना शब्द वाटून घ्यावेत. स्वारीस ‘छापा’ म्हणावे, सुभेदारास ‘गाफील’ म्हणावे, आणि ‘अकस्मात’ हा शब्द भूकंपासारख्या गोष्टींसाठी राखून ठेवावा. आपल्या भाषेने हे भेद आपल्या हाती दिले आहेत. ते वापरले, तर इतिहासात दैवाचा भाग किती आणि माणसाच्या करणीचा किती, हे विद्यार्थ्यास निराळे सांगावे लागणार नाही.